ठिकाणा नसलेल्यांचा प्रतिनिधी

जळगाव जिल्ह्यात विधानसभेचे 11 मतदारसंघ आहेत आणि धुळे जिल्ह्यात 5. या 16 जागांपैकी चोपडा, साक्री आणि शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, भुसावळ अनुसूचित जातींसाठी, बाकीच्या 12 खुल्या. खानदेशातले बहुतेक समाज या हिशेबात कुठे ना कुठे बसतात, कुणी संख्येच्या जोरावर तर कुणी राखीव जागेच्या आधाराने. ज्यांच्याविषयी हे पुस्तक आहे ते मात्र बसत नाहीत. गावाबाहेरच्या माळावर पालं ठोकणारे गोपाळ, डवरी गोसावी, मसणजोगी, वैदू आणि नंदीवाले, दगड फोडणारे वडार, टोपल्या विणणारे कैकाडी, जळगावच्या कंजरवाड्यातले कंजारभाट, साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ, चाळीसगाव, पाचोरा, जामनेरच्या तांड्यांवरचे बंजारा. या दोन जिल्ह्यांत भटके-विमुक्त म्हणून ज्यांची सरकारदरबारी नोंद आहे, त्यांची ही यादी अपुरीच आहे.

या लोकांवर मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. त्यांच्याच लेखकांनी आपली आयुष्ये लिहून मराठी वाचकाला हलवून सोडले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला 1981 साली आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला 1988 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचक हळहळला, पुस्तके अभ्यासक्रमात लागली. पण हळहळ ही एक गोष्ट आणि ग्रामसभेच्या ठरावावर सही करण्याचा अधिकार ही दुसरी. हे पुस्तक त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. आपली सगळी लोकशाही ठिकाणावर उभी आहे. वॉर्ड, गट, गण, मतदारसंघ, मतदारयादीतला घर क्रमांक या सगळ्यांचा पाया एकच, की माणूस एका जागी राहतो. जो राहत नाही, किंवा शंभर गावांत दोन-दोन घरांनी विखुरलेला आहे, त्याला या रचनेत मत मिळाले तरी प्रतिनिधी मिळत नाही. या समाजांच्या बाकीच्या अडचणींचा, रेशनकार्डापासून स्मशानभूमीपर्यंत, मोठा भाग इथून सुरू होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे लोक पहिल्यापासून गावगाड्याच्या बाहेर फेकलेले होते, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. बऱ्हाणपूरहून तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा व्यापारी मार्ग खानदेशातून जात असे आणि त्यावर बंजाऱ्यांचे लदेणीचे बैल चालत. समुद्राकाठचे मीठ वर यायचे, धान्य आणि कापूस खाली जायचा. 1860 च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे खानदेशातून गेली, भुसावळ जंक्शन झाले, पुढे सुरतेकडची ताप्ती व्हॅली रेल्वेही आली. बैलावरची वाहतूक बसली आणि पिढ्यान्‌पिढ्या रस्ता हेच ज्यांचे शेत होते त्यांचा धंदा गेला. धंदा गेलेला फिरता माणूस इंग्रज सरकारला संशयित वाटू लागला. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 साली आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश मुलखाला लावता येऊ लागला. पोलिसाकडे हजेरी, दुसऱ्या गावी जायचे तर परवाना, नाहीतर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. 1897 च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याची सोय सरकारने स्वतःला करून घेतली. ही शेवटची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण मुले पळवल्याचा आळ या समाजांवर येतो तेव्हा ती आठवायला हवी.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, ठाण्यातल्या वह्या बदलल्या आणि नजर तीच राहिली. गावात चोरी झाली की पहिली जीप पालावर जाते. हे कुणा एका ठाण्याचे किंवा एका जिल्ह्याचे नाही. पालावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो तारीख-वार न सांगता चार प्रसंग सांगेल.

1 जुलै 2018 चा रविवार खानदेश विसरू शकत नाही. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर कित्येक दिवस फिरत होते. कुणीतरी ओरडले, जमाव जमला आणि त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, जीव जाईपर्यंत मारले. पाचही जण गेले. खोली ग्रामपंचायतीची होती, हे मला पुन्हा पुन्हा अस्वस्थ करते. गावाच्या लोकशाहीचे जे सगळ्यात जवळचे घर, तिथे हे घडले.

मारणाऱ्यांना शिव्या देऊन हा विषय संपत नाही. राईनपाडा हा आदिवासी पाडा आहे. इथले लोकही पिढ्यान्‌पिढ्या नाडलेले, पोटासाठी सुरतेकडे आणि साखर कारखान्यांकडे जाणारे. पण एक फरक होता. साक्रीचा आमदार आदिवासी असतो, कारण ती जागा राखीव आहे. पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत त्यांची माणसे बसतात. मेलेल्या पाच जणांचे मत शेकडो किलोमीटरवरच्या मंगळवेढ्यात होते. त्या दिवशी साक्री तालुक्यात असा एकही लोकप्रतिनिधी नव्हता, ज्याला त्यांच्या मताची गरज होती. गावात आल्याची वर्दी पोलीस पाटलाकडे द्या, ओळखपत्र गळ्यात घाला, अशा सूचना नंतर झाल्या. त्यामागचा हेतू चांगलाही असेल. पण भिक्षेकऱ्याने गावोगाव हजेरी द्यावी हे 1911 च्या कायद्याच्या फार जवळ जाते, आणि हे सांगायलाही त्या समाजाचा कुणी माणूस बैठकीत नव्हता.

याच आळाची दुसरी गोष्ट युरोपातली आहे. रोमा हे युरोपातले मोठे भटके अल्पसंख्य. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. 1971 साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली आणि त्यांच्या झेंड्यावर चक्र आले. ऑक्टोबर 2013 मध्ये ग्रीसमधल्या फार्साला इथल्या रोमा वस्तीत पोलिसांना एक सोनेरी केसांची मुलगी दिसली. मुलगी चोरीची, असा जगभर गाजावाजा झाला. डीएनए तपासणीत तिची आई बल्गेरियातली एक गरीब रोमा बाई निघाली. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये एका रोमा जोडप्याचे स्वतःचे मूल असेच, केसांच्या रंगावरून, पोलिसांनी काढून घेतले आणि मग परत दिले. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाने रोमांची मुले काढून शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला देण्याचे हुकूम काढले होते. आपल्याकडची 1897 ची दुरुस्ती आणि हे हुकूम शेजारी ठेवून पाहा. मुले सरकारने तोडली आणि मुले पळवणारे म्हणून नाव यांचे झाले, तिथेही आणि इथेही.

आता कागदांकडे येतो. कंटाळवाणा वाटला तरी सगळा खेळ इथेच आहे. थाडे समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्राने मूळ यादी केली, तिच्यात 14 विमुक्त जाती आणि 28 भटक्या जमाती होत्या. आज शिक्षण-नोकरीत त्यांचे चार गट आहेत: विमुक्त जातींना 3 टक्के, भटक्या जमाती ब गटाला अडीच, धनगरांच्या क गटाला साडेतीन, वंजाऱ्यांच्या ड गटाला 2. जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा लागतो. सेतूच्या खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी ही तारीख बघा. त्याचा आजा 1961 साली कुठे होता? पावसाळ्यात एका गावी, उन्हाळ्यात पाच तालुक्यांत. शाळेत नाव नाही, सात-बारा नाही, जन्म पालात झाला म्हणून कोतवाल बुकात नोंद नाही. एखाद्या नातेवाइकाच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली सापडते, तर ती ‘गोसावी’ अशी, नाहीतर नुसती ‘हिंदू’. मास्तरांनी त्या वेळी जे ऐकू आले ते लिहिले. दाखला निघाला तरी पडताळणी समिती पुढे उभीच. आणि राखीव जागेवरून ग्रामपंचायत लढवायची तर वैधता प्रमाणपत्र लागते. म्हणजे ज्याला प्रतिनिधी व्हायचे आहे त्याने आधी हे सिद्ध करायचे, की आपले पूर्वज एका जागी राहत होते. भटक्यांना ही अट घालताना त्यातली विसंगती कुणाच्या लक्षात आली नसेल, असे मला वाटत नाही.

मुक्ताईनगर आणि मलकापूर या शेजारच्या तालुक्यांमधून जिल्ह्याची हद्द जाते. अलीकडे जळगाव जिल्हा, पलीकडे बुलढाणा. कैकाडी दोन्हीकडे आहेत, त्यांच्या सोयरिकी दोन्हीकडे होतात. पण अनुसूचित जातींच्या यादीत कैकाड्यांची नोंद फक्त विदर्भातल्या जिल्ह्यांपुरती आहे. मलकापूरचा कैकाडी अनुसूचित जातीचा, त्याला जिल्हा परिषदेत राखीव जागा आहे, बुलढाणा जिल्ह्यातली मेहकरची विधानसभेची जागा त्याला लढवता येते, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्याला आहे. मुक्ताईनगरचा त्याचा मेव्हणा विमुक्त जातीचा. त्याला विधानसभेत राखीव जागा नाही, लोकसभेत नाही, अत्याचार झाला तर तो कायदाही नाही. राज्यपुनर्रचनेच्या वेळी जुन्या प्रांतांच्या याद्या जशाच्या तशा उचलल्या गेल्या, त्यातून हे आले आणि साठ-सत्तर वर्षे चालू आहे. एखाद्या मोठ्या समाजाचे असे झाले असते तर एव्हाना रेल्वे अडल्या असत्या.

राज्यघटनेच्या 330 आणि 332 व्या कलमांनी लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागा फक्त अनुसूचित जाती आणि जमातींना दिल्या. भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला येतात त्या ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या जागा, त्याही नागरिकांच्या मागास प्रवर्गातून, म्हणजे सगळ्या इतर मागासवर्गीयांच्या 27 टक्क्यांतून. नोकरीत सरकारने अ, ब, क, ड असे वेगळे डबे केले, कारण एकत्र ठेवले तर लहान समाजांना काही उरत नाही, हे कळले होते. निवडणुकीत मात्र सगळे एकाच डब्यात. गावातल्या शेतजमीन असलेल्या, सोसायटीत आणि बाजार समितीत बसलेल्या ओबीसी समाजापुढे पालावरचा मसणजोगी उमेदवार कसा टिकणार? मग 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पन्नास टक्क्यांवर जाणाऱ्या ओबीसी जागा रद्द केल्या, त्यात धुळे जिल्हा परिषदेच्याही होत्या आणि त्या वर्षी 5 ऑक्टोबरला तिथे पोटनिवडणुका झाल्या. तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि सभांतून ओबीसींवर अन्याय झाल्याचा मोठा घोष झाला. त्या 27 टक्क्यांत भटक्यांचे किती सदस्य होते, हा प्रश्न त्या गदारोळात मला कुठे ऐकू आला नाही. नाव घेण्याइतकेही नसावेत, म्हणूनच.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. वसंतराव नाईक 1963 ते 1975 एवढा काळ मुख्यमंत्री होते, सुधाकरराव नाईक झाले, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मग प्रतिनिधित्व नाही कसे? आक्षेप खोटा नाही आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. हे नेते बंजारा आणि वंजारी समाजांतले, आणि हे दोन्ही संख्येने मोठे, एका पट्ट्यात राहणारे समाज आहेत. बंजारा तांड्यात राहतो, तांडा मतदारयादीत असतो, म्हणून चाळीसगाव किंवा जामनेरला कुठलाही उमेदवार तांड्यावर गेल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या नेत्यांनी आश्रमशाळा काढल्या, मुले शिकवली, हे मोठे काम आहे. पण भटक्या-विमुक्तांच्या नावावर जे राजकारण झाले ते बहुतांशी या समाजांचे. आणि खुद्द बंजाऱ्यांचेही सगळे आलबेल नाही. चाळीसगावकडच्या तांड्यांवरची कुटुंबे दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. मग मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवारांच्या गाड्या फडावर जातात. ज्याने गाडी पाठवली त्याला मत, हा त्या गाडीतला न बोललेला करार असतो. ठेलाऱ्यांना तर गाडीही येत नाही. मेंढरांचा वाडा कुणाच्या शेतात बसला आहे, हे दोन दिवस शोधल्याशिवाय कळत नाही, आणि एका वाड्यात मते असतात चार-सहा.

या पुस्तकातल्या काही लेखांत जातपंचायतींवर टीका आहे आणि ती मला मान्य आहे. मढीच्या आणि इतर यात्रांमध्ये भरणाऱ्या पंचायतींनी भटक्यांना न्यायाची स्वतःची जागा दिली. कोर्टकचेऱ्या ज्यांना कधीच आपल्या वाटल्या नाहीत, त्यांना ती गरजेची होती. पण तिथे बाईला बोलायला जागा नव्हती आणि दंड, वाळीत टाकणे, कौमार्य परीक्षा असे प्रकार चालले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा राज्याचा कायदा आला तो योग्यच आला. या प्रकारांविरुद्ध कंजारभाट समाजातलीच तरुण पोरे-पोरी उभी राहिली, हे विशेष. मात्र पंचायत मोडताना तिच्या जागी काय येणार, हे आपण सांगितले नाही. जुने घर पाडले आणि नव्या घरात खोली दिली नाही, असे होऊ नये.

म्हणून ठिकाणावर न बसणारे प्रतिनिधित्व कुठे असते का, हे शोधावे लागते. रुमानियाच्या 1991 च्या घटनेने प्रत्येक मान्यताप्राप्त अल्पसंख्य समाजाला, तो पुरेशी मते मिळवू शकला नाही तरी, संसदेत एक जागा दिली आणि रोमांचा खासदार तिथे बसतो. स्लोव्हेनियात 20 नगरपालिकांमध्ये एक रोमा सदस्य असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. एका खासदाराने सगळे सुटत नाही, तिथल्या रोमांचे हाल अजून आहेत. पण वस्ती पाडायला बुलडोझर निघाला की सभागृहात उठून विचारणारा, नाव-पत्ता असलेला एक माणूस असतो.

परदेशाचे कशाला, आपल्याच घटनेत ही सोय होती. अँग्लो-इंडियन समाज देशभर विखुरलेला, त्यांचा स्वतःचा मतदारसंघ कुठेच होऊ शकत नव्हता. म्हणून राष्ट्रपती त्यांचे दोन सदस्य लोकसभेवर नेमत आणि राज्यपाल विधानसभेवर एक. 288 आमदारांच्या आपल्या सभागृहात तो 289 वा असे. जानेवारी 2020 मध्ये ही तरतूद संपली, पण सत्तर वर्षे ती चालली आणि कुणी तिला लोकशाहीविरोधी म्हटले नाही. विधान परिषद बघा. शिक्षकांचा वेगळा मतदारसंघ आहे, पदवीधरांचा वेगळा आहे. जळगाव-धुळ्याचा शिक्षक नाशिक विभागाच्या मतदारसंघातून आपला आमदार निवडतो, तो कुठल्या गावचा हे तिथे गौण असते. धंद्यावरून, शिक्षणावरून आमदार निवडता येतो. मग पाच-दहा जिल्ह्यांतल्या भटक्यांनी मिळून एक आमदार निवडायला अडचण कसली? राज्यपाल नेमतात त्या 12 जागांमधली एखादी अधूनमधून भटक्यांच्या माणसाला मिळते. ती मेहेरबानी असते, आणि मेहेरबानीवर आलेला माणूस नेमणाऱ्याला विसरू शकत नाही. निवडून आलेला हवा.

पण हे दूरचे झाले. जवळचे, आणि मला सगळ्यात निकडीचे वाटते ते जनगणनेचे. 1931 नंतरच्या कुठल्याही जनगणनेत सगळ्या जातींची मोजणी झालेली नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने 2008 मध्ये देशातल्या भटक्या-विमुक्तांची संख्या 10 ते 11 कोटींच्या घरात धरली, तोही अंदाजच. भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानेही पुढे या समाजांची वेगळी मोजणी व्हायला हवी असे म्हटले. 30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि तिचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 ठरला. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली होती. फेब्रुवारीत खानदेशातली पालं कुठे असतात? कापूस वेचून संपलेला असतो, यात्रा-जत्रांचे दिवस सुरू झालेले असतात, ऊसतोडीवाले फडावर असतात, ठेलाऱ्यांची मेंढरे चाऱ्यामागे जिल्ह्याबाहेर गेलेली असतात. कुठल्या माळावर कोण उतरते हे प्रगणकाला माहीत नसेल तर ती रात्र वाया जाईल, आणि नंतर कित्येक वर्षे या समाजांच्या मागणीसमोर तोच आकडा धरला जाईल.

प्रगणक बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांचे शिक्षक असतील. या पुस्तकाचे सगळ्यात महत्त्वाचे वाचक मला तेच वाटतात. कुठल्या आडनावाखाली कोणती जमात असते, एकाच समाजाला दोन तालुक्यांत दोन नावे कशी पडली, पालावर गेल्यावर आधी कुणाशी बोलावे आणि जात विचारताना माणूस गप्प का होतो, हे पुढच्या लेखांत सविस्तर आले आहे. जळगाव आणि धुळ्याच्या दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांना विनंती अशी, की पालांच्या मुक्कामाच्या जागांची यादी आधीच करावी. ती करताना प्रत्येक तालुक्यातून भटक्या समाजाची दोन-चार शिकलेली मुले बरोबर घ्यावीत आणि त्यांना मोजणीच्या कामाचा मोबदला द्यावा. अशी मुले आता सगळीकडे आहेत. या पुस्तकातले निम्मे लेख त्यांनीच लिहिले आहेत.